किल्लारीचा भूकंप आणि आपली घरे

भूकंप म्हटला की आपल्या वऱ्हाडातील माणसास ती दूरदेशीची गोष्ट वाटते. आपल्याकडे अवर्षण येते, अतिवृष्टी येते, वैशाखात वावटळ सुटून घरावरची टिने उडतात. परंतु भूमी हालणे हे काही आपल्या वाट्याचे नाही, असे आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत. लातूरकडील लोकही तसेच धरून चालले होते. देशाचा जो भूकंपाचा नकाशा तज्ज्ञांनी केलेला होता, त्यात १९९३ पर्यंत किल्लारीचा मुलूख अगदी निर्धास्त अशा पहिल्या पट्ट्यात दाखविलेला होता. त्या निर्धास्तपणाचे पुढे काय झाले, आणि त्यातून मेडशीसारख्या गावातील बायकांनी काय घ्यावयाचे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. स्मरणिकेत पाककृती आणि उखाणे दरसाल येतातच. या खेपेस हा विषय असावा असे मंडळात ठरले व ते काम माझ्याकडे आले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. मिरवणुकीत जागून, नाचून, थकून लोक उशिरा अंथरुणास टेकलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आता त्याचे नाव धाराशिव झाले आहे) या जिल्ह्यांच्या शिवेवर जमीन हालली. तीव्रता ६.२ होती. हालणे किती वेळ चालले म्हणाल, तर आपण एखादी भाकरी थापून तव्यावर टाकतो, तितका वेळही नसेल. तेवढ्यात किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, राजेगाव ही नांदती गावे दगडांचे ढीग होऊन पडली. ५२ गावे जवळजवळ पुरती नष्ट झाली. सरकारी मोजणीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली आणि सुमारे १६,००० जखमी झाली.

त्या वेळी मी शाळकरी मुलगी होते. वाशिम जिल्हा तेव्हा व्हावयाचा होता, तो १९९८ साली झाला. आपले मेडशी अकोला जिल्ह्यात मोडत असे. सकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा किल्लारी हे नाव कोणास ठाऊक नव्हते. दोन दिवसांत ते महाराष्ट्रातील लेकराबाळांच्या तोंडी झाले. घरोघरून भाकऱ्या, जुनी लुगडी, ज्वारी, चादरी गोळा झाल्या. भाकऱ्यांच्या चळती फडक्यात बांधताना मोठ्या बाया एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे मला चांगले आठवते.

शेषाने मान हालवली की धरणी कापते, असे आपल्या आज्या सांगत. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण किल्लारीखाली काय झाले हे तज्ज्ञांनाही आधी कळले नव्हते. आता ते सांगतात की ज्या खडकावर आपला देश बसलेला आहे, तो सबंध खडक उत्तरेकडे सरकत सरकत हिमालयाखाली रेटला जात आहे. त्या रेट्याचा ताण दूरवर, अगदी दख्खनच्या काळ्या पाषाणाखालीही साचत जातो आणि जेथे जुनी भेग असेल तेथे एखादे दिवशी सुटतो. किल्लारीला ही भेग फार खोल नव्हती, म्हणून हिसका वरच्या गावांना सरळ बसला. ताण केव्हा सुटणार हे मात्र आजही जगात कोणास सांगता येत नाही. अमक्या तारखेस, अमक्या वाजता भूकंप होणार असा निरोप मोबाइलवर कोणी धाडला, तर तो खोटा समजून पुसून टाकावा.

किल्लारीला खूण मिळाली नव्हती असे नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून तेथे लहान लहान धक्के बसत होते, जमिनीतून गडगड असा आवाज येई. त्या ऑक्टोबरात एक धक्का बराच जोराचा बसला, काही भिंतींना तडे गेले, लोक काही रात्री बाहेर निजले, गाव दुसरीकडे हलवा अशी मागणीही झाली. मग धक्के विरळ झाले आणि लोक पुन्हा आपापल्या घरात निजू लागले. त्यांना दोष कोणी द्यावा? कोयनेकडे तर १९६० च्या दशकापासून असे लहान धक्के बसतच आहेत आणि प्रत्येक धक्क्यामागून मोठा येत नाही. तेथे मोठा आला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी, तोही पहाटेच, ४ वाजून २१ मिनिटांनी. कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सुमारे १८० माणसे गेली. तात्पर्य, धक्क्यावरून पुढचे भविष्य वर्तविता येत नाही. पण तडे गेलेली भिंत मात्र आजची आज पाहता येते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. किल्लारीला इतकी माणसे का गेली? भूमी हालली म्हणून कोणी मरत नाही; अंगावर घर पडते म्हणून मरते. त्या भागातील घरे म्हणजे दगडी भिंती, दोन-अडीच हात जाडीच्या, आत चिखलमाती भरलेल्या. अशी भिंत पाहिली की छाती भरून येते, पण ती खरोखर एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती व बारीक दगडगोटे. दोन्ही थरांस बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक कोठेच घातलेला नसे. हिसका बसताच दोन थर पुस्तकाच्या पानांसारखे उकलले. वर माळवद, म्हणजे आपण ज्यास धाबे म्हणतो ते. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर नवी माती टाकावयाची, असे वर्षानुवर्षे चालल्याने कोठे हातभर, कोठे दीड हात मातीचा थर चढलेला. ते सगळे ओझे निजलेल्या माणसांवर आले. पुष्कळ ठिकाणी लाकडी खण आणि खांब तसेच उभे राहिले आणि दगडी भिंती तेवढ्या आत-बाहेर कोसळल्या, ही एक लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

आणखी एक बाब अशी की, ज्यांच्याकडे कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या, त्यांच्यातील माणसे पुष्कळ वाचली. वाड्यात राहणारी दबली. जन्मभर ज्या वाड्याकडे लोक मान वर करून पाहात आले, त्यानेच घात केला. गरिबीचा असा उपयोग व्हावा हे काही चांगले लक्षण नव्हे. पण ओझे हलके असेल तर जीव वाचतो, हे त्यातून दिसते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे माहेर औसा तालुक्यात. त्या वेळी त्या विशीच्या आतल्या होत्या. उकाडा होता म्हणून त्या आणि त्यांचे वडील ओसरीच्या कडेला निजले होते, आजी व धाकटा भाऊ आत. त्या सांगतात की आवाज आधी आला, दगडांनी भरलेल्या गाड्या एकदम ओताव्यात तसा, आणि मग सारे धुळीने असे भरले की स्वतःचा हात दिसेना. वीज गेलेली. गल्ली कोठे होती हेच ओळखू येईना. वडिलांनी अनवाणीच हातांनी दगड उपसावयास सुरुवात केली. काचा, खिळे आणि फुटलेल्या भांड्यांच्या कडा लागून त्यांची पावले इतकी फाटली की दुपारपर्यंत त्यांना उभे राहवेना. आजी व भाऊ दुसऱ्या दिवशी मिळाले. वर पाऊस सुरू झाला. चितेला लाकूड पुरेना म्हणून पडलेल्या घरांचीच दारे, तुळया वापरल्या. याहून अधिक त्या बोलत नाहीत आणि आम्ही विचारीत नाही. मात्र आजही त्यांच्या अंथरुणाशेजारी चपला व बॅटरी असतेच, आणि उशाच्या वर भिंतीवर त्या काहीही टांगू देत नाहीत, देवाची तसबीरसुद्धा नाही.

लष्कर, पोलीस, डॉक्टर, संस्था पुढे आल्या आणि त्यांनी फार मोठे काम केले. कित्येक दिवसांनी ढिगाऱ्यातून जिवंत मूल निघाल्याचीही हकिगत आहे. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. पण पहिल्या काही तासांत ज्यांना ज्यांना बाहेर काढले, त्यांना शेजाऱ्यांनीच काढले. कोण कोठे निजतो, म्हातारी कोणत्या खोलीत, बाळंतीण कोणत्या कोपऱ्यात, हे शेजारणीलाच ठाऊक असते. लष्करास ते कोठून कळावे?

पुढे सरकारने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम काढला. जी गावे पुरती गेली ती नव्या जागी वसविली. जमिनीच्या मानाने कोणास २५०, कोणास ४००, कोणास ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. शहरासारखे सरळ आखलेले रुंद रस्ते झाले. घरे पक्की झाली खरी, पण जुन्या गावात ओट्यावर बसून समोरच्या ओट्याशी बोलता येई, ते गेले. शेजार तुटला, असे तिकडच्या बाया म्हणतात. आखणी करणाऱ्या साहेबांनी दोन-चार बायकांना आधी विचारले असते तर बरे झाले असते, असे माझे मत आहे.

दुसरा भाग दुरुस्तीचा. जी घरे उभी होती पण खिळखिळी झाली होती, अशी दोन लाखांच्या आसपास घरे मजबूत करावयाची होती. पैसे हप्त्याने घरमालकास, आणि काम त्याने करून घ्यावयाचे. येथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने एक शहाणपणाची गोष्ट केली. गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडून त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणून शिकविले. ज्यांनी कधी गवंड्याच्या कामात तोंड घातले नव्हते, त्या बायका धाब्यावरची जादा माती उतरवून घेऊ लागल्या, भिंतीत आरपार दगड अगर सळईचे काँक्रीट पडले की नाही हे पाहू लागल्या, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराभोवती जी काँक्रीटची पट्टी फिरवावयाची ती अर्धवट सोडली तर गवंड्यास अडवू लागल्या. सिमेंटला पाणी मारण्याचे काम तर बाईचेच. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा याच लातूर-उस्मानाबादकडील बायका तिकडच्या बायकांना शिकवावयास गेल्या. भाषा वेगळी, पण भिंत कशी बांधावी हे हातांनी सांगता येते.

कच्छचे निघाले म्हणून सांगते. तो दिवस गणराज्याचा, वेळ सकाळी पावणेनऊची. अंजार गावी शाळेची मुले झेंडे घेऊन फेरीस निघाली होती. ती अरुंद गल्लीत होती, आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर पडली. म्हणजे केवळ घराबाहेर असणे पुरत नाही. मोकळ्यावर असावे लागते. आणि जपानात १ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंप झाला तो दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी. घरोघर चुली पेटलेल्या, घरे लाकडाची. टोकियो व योकोहामा जळाली. एक लाखावर माणसे गेली, त्यातील बहुतेक आगीत. म्हणून त्या देशात १ सप्टेंबरला दरसाल शाळांपासून कचेऱ्यांपर्यंत सगळे सराव करतात. गॅसची शेगडी आपल्या सर्वांकडे आता आली आहे, तेव्हा हे आपल्यालाही लागू आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या जिल्ह्याला लागून हिंगोली. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे येथे जमिनीतून आवाज येतात, हे आपण कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला व दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, थोडा लहान. पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ चाच. हा वाशिम जिल्ह्यातही जाणवला. किल्लारीशी तुलना केली तर यातील जोर फारच कमी, तीनशेव्या हिश्श्याहूनही थोडा. भिण्याचे कारण नाही. पण त्या जुलैच्या सकाळी आमच्या गल्लीत जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. फळीवरची ताटे वाजली, कोणी ओरडले, आणि सगळी माणसे धावत बाहेर येऊन उभी राहिली ती नेमकी दोन जुन्या दगडी भिंतींच्या मधल्या बोळीत! एका बाजूस फुगलेली भिंत, दुसऱ्या बाजूस टिनपत्रे, आणि टिनांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले मणामणाचे दगड. लेकरे त्याखालीच. देवदयेने काही झाले नाही. तीस पावलांवर मोकळे पटांगण होते.

मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांस सांगितले होते की टिनांवरचे दगड काढून घ्या. फार खरी सूचना आहे. आपल्याकडे अशी किती घरे आहेत हे मोजावयास बसले तर बोटे पुरणार नाहीत.

धक्का बसतो तेव्हा काय करावे, याविषयी लोकांत दोन मते ऐकू येतात, पळावे की थांबावे. उत्तर घरावर अवलंबून आहे. दगड-मातीच्या जुन्या घरात असाल, तळमजल्यावर असाल आणि दार दोन पावलांवर असेल, तर झटकन मोकळ्यावर जावे. भिंत, विजेचा खांब, तारा, विहीर व जुने झाड यांपासून दूर. सिमेंटच्या पक्क्या घरात असाल, अगर दार लांब असेल, तर धावू नये. मजबूत टेबल किंवा पलंगाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरावा. तेही नसेल तर आतल्या कोपऱ्यात बसून उशीने, नाहीतर हातांनी डोके-मान झाकावी. काचेची कपाटे, गोदरेजची उभी कपाटे, माळ्यावरची पितळी पातेली यांच्याजवळ बसू नये. माजघरात हंड्या-कळशांची उतरंड अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती निजण्याच्या खोलीतून हलवावी. शोभा कोठेही दिसते. कपाट भिंतीस पट्टीने आवळून घ्यावे. दाराच्या मागे पोती रचू नयेत, कारण दार तेव्हाच अडकते.

हालणे थांबले की हातातले काम एकच: शेगडी बंद, सिलिंडरचे रेग्युलेटर बंद, विजेचे मुख्य बटण खाली. अंधार असला तरी काडी ओढू नये, दिवा लावू नये, बॅटरी घ्यावी. चपला घालूनच चालावे. गोठ्यातील जनावरांची दावी सोडावीत. मग शेजारी मोजावा, कोण बाहेर आले, कोण नाही. एखादी आत दबली असेल तर तिने सारखे ओरडून दम घालवू नये, नाका-तोंडाशी पदर धरावा आणि दगडाने पाइपावर किंवा भिंतीवर ठोकत राहावे. बाहेरच्यांनी मधूनमधून सगळे बोलणे थांबवून कान द्यावा. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन आकडे लेकरांनाही पाठ हवेत. पाठीमागून लहान धक्के येतातच, कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून दागिने, कागद किंवा म्हैस यांच्या ओढीने तडा गेलेल्या घरात पुन्हा जाऊ नये. पुरुषमंडळींना हे सांगणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. पाणी उकळून प्यावे. किल्लारीकडे पुष्कळांना महिनोन् महिने छपराखाली निजण्याची भीती वाटे, लेकरे रात्री दचकून उठत. त्यास वेड समजू नये, जवळ घेऊन निजवावे.

टिनांवरचे दगड काढा असे म्हटले की लगेच उत्तर येते, मग वावटळीत टिने उडतील त्याचे काय? बरोबर आहे. उडालेले टीनही माणूस कापते. त्यास उपाय म्हणजे वाकडा हूक-बोल्ट, रबरी चकती घालून, खालच्या लोखंडी पाइपास किंवा लाकडी बल्लीस आवळणे. हे काम गावातला कोणताही वेल्डिंगवाला एका दिवसात करतो. भिंत पोटातून फुगलेली असेल तर मात्र त्याच्या हातचे नाही. तेथे गवंड्यास दाखवून आरपार दगड घालून घ्यावेत, आणि तोपर्यंत त्या भिंतीच्या कडेला निजू नये. धाब्यावर यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी. घरकुलाचे बांधकाम चालू असेल त्यांनी दारावरची पट्टी चारी भिंतींवरून सलग गेली की नाही हे स्वतः शिडीवर चढून पाहावे. गवंडी ‘होऊन जाईल माय’ म्हणाला म्हणजे झाले असे नव्हे.

मंडळाने आपल्या गल्लीपासून सुरुवात केली आहे. पाच घरांवरचे दगड उतरले, तिघींनी उतरंड हलवली, आणि धक्का बसला तर सर्वांनी पटांगणात चिंचेपासून लांब, मधोमध जमावयाचे असे ठरले आहे. राहिलेल्या घरांवर पावसाळ्याआधी फिरावयाचे आहे. शिडी व टेप मंडळाच्या खोलीत ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडावा.